कारण सांगा, मग उठते

माझ्या आत्याइतकं माणसाचा अंत बघणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसेल, आणि असलंच तर त्याचं लग्न तिनंच जमवलेलं असेल. लग्न जमवणं हा तिचा धंदा आहे असं म्हणावं, तर धंदा करणारी माणसं दुपारची घटकाभर पाठ टेकतात. आत्या टेकत नाही. माझ्या वडिलांची, अण्णांची, ही चुलत बहीण बजाजनगरात दोन खोल्यांत एकटी राहते, सकाळी खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी अडकवते, आणि गंगापूरपासून कन्नडपर्यंत कुणाची पोरगी शिकून घरी बसली, कुणाच्या पोराला कंपनीनं पर्मनंट केलं, याची खबर काढत हिंडते. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळं सगळी मदार चौकशीवर, आणि चौकशी म्हणजे आत्या. पोरगा आईशी कसा बोलतो, हे ती आईला विचारत नाही; त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला विचारते. बरं, लग्न जमवणाऱ्या बाईला मांडवात मानाची साडी देतात, तीही ही मांडवात घेत नाही. वर्षानं पोरीच्या सासरी जाते, तिचं तोंड नीट निरखून बघते, पोरगी सुखानं नांदतेय अशी खात्री पटली की मग तिच्याच हातून घेते. असल्या बाईच्या घरी मी बी. फार्म. होऊन नोकरी शोधायला राहायला गेले होते.

अण्णांनी मला पाठवताना अट घातली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत नोकरी लागली तर खुशाल कर, नाही तर उन्हाळ्यात लग्न उरकून टाकू. आणि स्थळं बघायला सांगितलं कुणाला, तर जिच्या घरी मी नोकरीसाठी राहणार, तिलाच! मी पहिल्याच दिवशी रडकुंडीला येऊन आत्याला म्हणाले, की तू स्थळं आणायला लागलीस तर मी मुलाखतींची तयारी कधी करू? तिनं माझ्यासाठी काढून ठेवलेले पोरांचे फोटो मुकाट्यानं पिशवीत परत टाकले. "एका टायमाला एकच स्थळ बघते मी," ती म्हणाली. "आधी कंपनी, मग नवरा. घाई काय हाय?" मला तिला मिठीच मारावीशी वाटली. पण ती कंपनीलासुद्धा खरोखरच स्थळ समजते, हे माझ्या डोक्यात उतरायला आठवडा गेला, आणि तोवर फार उशीर झाला होता.

सुरुवात बायोडाटापासून झाली. नोकरीचा बायोडाटा वेगळा आणि लग्नाचा वेगळा, हे तिला मुळातच मान्य नाही. मी चार दिवस खपून केलेला बायोडाटा ती झेरॉक्स काढायला म्हणून घेऊन गेली आणि टायपिंगवाल्या पोराकडून खाली दोन ओळी वाढवून आली. मला काही पत्ता नाही. वाळूजमधल्या पहिल्याच कंपनीत साहेब वाचता वाचता अडखळले. "उंची पाच फूट दोन इंच, रंग निमगोरा, मामा एसटीत कंडक्टर," असं त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. मामा कंडक्टर असण्याचा टॅब्लेटच्या कोटिंगशी काय संबंध, असं त्यांनी विचारल्यावर मला पुढं गोळी विरघळते कशी हेसुद्धा आठवेना. घरी येऊन मी आदळआपट केली. आत्या शांतपणे मेथी निवडत बसली होती. "मामाकडचं नाय लिहिलं की लोकांना वाटतं, काही तरी लपवायलेत," एवढंच ती बोलली आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

मग कंपनी बघण्याचे कार्यक्रम. मुलाखतीच्या आदल्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळेला ती मला घेऊन कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसायची आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाचं तोंड बघायची. माणसं हसत बाहेर येतात का मान खाली घालून, पोरी घोळक्यानं येतात का एकेकट्या. त्यातल्याच एखादीचा हात धरून थांबवायची. "साहेब ओरडतो का गं? जेवायला सुट्टी देतात ना नीट? बाथरूमला आतून कडी हाय का?" मी टपरीमागं तोंड लपवून उभी! एका कंपनीच्या मागच्या अंगाला जाऊन ती नाला बघून आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "वास लई मारतो. आपल्याला नाय जमायचं हे." तो मुलाखतीचा कॉल मला दोन महिने वाट बघून आला होता. "अगं आत्या, नापसंत कंपनीनं करायचं असतं, आपण नाही!" मी भररस्त्यात ओरडले. "का म्हून?" ती म्हणाली. "पसंती दोन्हीकडून लागती." मी हट्टानं मुलाखतीला गेले आणि त्यांनी मला घेतलं नाही, तेव्हा तिनं घरी शिरा केला. ते स्थळ टळल्याचा शिरा!

मध्ये एका मेडिकल दुकानवाल्यानं बोलावलं. गोड बोलणारा माणूस होता. म्हणाला, ताई, तुम्ही रोज यायची काही गरज नाही, तुमचं सर्टिफिकेट तेवढं भिंतीला लावू, गोळ्या द्यायला आमचा पुतण्या बसतो. जयंती जवळ यायला लागली होती, त्यामुळं खोटं कशाला बोलू, मी क्षणभर विचारात पडले. आत्या मात्र ताडकन उठली. "म्हंजी फोटोशी लगीन लावायचं व्हय? पोरगी नको, फोटो पायजे! असली स्थळं लई बघितलीत मी. चल गं." दुकानात औषधं घ्यायला आलेली माणसं आमच्याकडं बघत होती, आणि मी दंडाला धरलेली, ओढली जात होते. शेंद्र्याच्या वॉक-इन मुलाखतीला तर तिनं कहर केला. जागा दोन-चार आणि पोरापोरींची रांग गेटबाहेरपर्यंत. सगळे दबक्या आवाजात उत्तरं घोकतायत, आणि ही बाकावर पिशवी उघडून बसलेली. कन्नडच्या एका पोराची आणि माझ्या पुढं बसलेल्या एका पोरीची माझा नंबर येईपर्यंत तिनं सगळी चौकशी पुरी केली. त्या दोघांनाही कंपनीनं घेतलं नाही, पण फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं, आणि लग्नातल्या जेवणात मला लोक विचारत होते की तुझं कुठं जमलं का काही.

नव्हतं जमलं. आणि ज्या कंपनीत जमावं असं मनापासून वाटत होतं, तीही गेली. वाळूजमध्येच, आत्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या मुलाखतीत मी एकाही प्रश्नाला अडले नव्हते. उठताना साहेबांनी हसून "कळवतो" म्हटलं आणि मी महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपले. फोन आला नाही. बाकीच्या ठिकाणी आत्याच्या नावानं बोटं मोडता यायची, पण तिथं ती गेटपर्यंतसुद्धा आली नव्हती. म्हणजे खोट माझ्यातच असणार. काही तरी चुकलं असेल, एखादं उत्तर, चालणं, बोलणं, गंगापूरकडचे हेल. मी सगळं आठवून आठवून तपासत बसले आणि एक दिवस जेवायलाच उठले नाही. आत्यानं ताट झाकून ठेवलं, पिशवी खांद्याला लावली आणि चपला घातल्या. "कुठं निघालीस?" "विचारायला." मी तशीच अनवाणी मागं धावले.

गेटवरच्या वॉचमननं अडवलं. "खाला, बिगर अपॉइंटमेंट मिलने को नै होता." "मिलने को किसको आई मैं? पूछने को आई," म्हणत ती आत गेली आणि रिसेप्शनच्या सोफ्यावर मांडी घालून बसली. कंपनीची माणसं आली, गेली. चहा झाला, पाणी झालं. शेवटी तो मुलाखत घेणारा साहेब स्वतः बाहेर आला. "मावशी, आम्ही कारण सांगत नसतो," तो म्हणाला. "नाय म्हणायचा तुमचा हक्क हाय, बाबा," आत्या म्हणाली. "पण का नाय ते सांगायला लागतं. पोरगी जेवत नाय. कारण सांगा, मग उठते." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. साहेबानं इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली घेतला. "पोरगी हुशार आहे हो, त्यात काही वाद नाही. पण लग्नाचं वय. आम्ही सहा महिने शिकवायचं आणि ही लग्न करून निघून जायची." आत्या इतकी हसली की रिसेप्शनवरची मुलगी उठून उभी राहिली. "आरं लेकरा, हिचं लगीन तर माझ्या पिशवीत हाय! मला विचारायचंस ना!" पण तोवर जागा भरली होती.

परत येताना मी रस्त्यानं रडले, पण ते रडणं निराळं होतं. माझ्यात खोट नव्हती. मला संताप येत होता आणि सणसणून भूक लागली होती. मी आत्याला म्हणाले, तुला काय गं हे कारण-कारण वेड? तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "मला माहेरी आणून घातली होती. नवी नवरीच होते अजून. सासरा अंगणातनंच म्हणला, कळवतो." कोपऱ्यावर रिक्षा जाऊ देण्यासाठी ती थांबली. "अजून कळवायलेत. माझी आई मरंस्तोवर म्हणायची, भाजीत मीठ जास्त पडलं असंल." आत्या एकटी राहते हे मला जन्मापासून माहीत होतं आणि का, ते मी कधी विचारलं नव्हतं. घरी गेल्यावर तिनं झाकलेलं ताट पुढं सरकवलं आणि मी सगळं संपवलं.

मार्चच्या शेवटाला चिकलठाण्यातल्या एका कंपनीची मुलाखत आली. जयंतीच्या आधीची शेवटची. आत्यानं टपरीवर बसून कंपनी पसंत केली होती. पोरी हसत बाहेर येत होत्या म्हणे. आत दोन साहेब होते. सगळं नीट चाललं आणि अखेरीस थोरल्या साहेबांनी खाकरून विचारलंच, "आणि लग्नाचं काय?" मला काय झालं कोण जाणे. "सर, माझं लग्न जमवणारी बाई बाहेर बाकावर बसलीय," मी म्हणाले. "तिलाच विचारा." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण त्यांनी खरंच बोलावलं! आत्या आत आली, कुणी बस म्हणायच्या आत बसली, पिशवी टेबलावर ठेवली. "हिला नवरा मीच बघणार," ती म्हणाली, "अन् ह्याच गावातला बघणार. कंपनी सोड म्हणंल असं स्थळ मी दारात उभं करणार नाय. शब्द हाय माझा." थोरले साहेब हसू दाबत म्हणाले, "ठीक आहे, कळवतो." मी उठले. आत्या उठली नाही. "कळवतो ऐकून कान किटले, साहेब. व्हय तर व्हय म्हणा. नाय तर नाय म्हणा, कारण सांगून." त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत होते. मग थोरले साहेब म्हणाले, "एक तारखेपासून या."

तिनं शब्द इतका पाळला की अण्णा तिच्याशी बोलेनासे झाले. पुण्याचा इंजिनिअर पोरगा तिनं परस्पर घालवला, नाशिकचा शिक्षक घालवला. कारणं मात्र दोघांनाही घरी जाऊन सांगून आली. पहिल्या पगारात मी तिच्यासाठी साडी घेतली, तर तिनं हातसुद्धा लावला नाही. "वरीस होऊ दे." मी चिडून साडी कपाटात टाकली.

वर्ष झालं आणि परवा ती कंपनीच्या गेटवर हजर. पिशवी तीच, गुडघे तेवढे दुखायला लागलेत. मी ॲप्रन-टोपीतच बाहेर आले. लॉकरमध्ये साडी आठवडाभरापासून आणून ठेवली होती, ती घेऊन. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. "साहेब ओरडतो का?" "ओरडतो." "जेवतेस येळेवर?" "हो." "रडतेस का?" "नाही गं." तिनं साडी घेतली, उलगडली, काठ बघितला, परत घडी घातली आणि छातीशी धरली. "जा आता, काम हाय तुला," म्हणाली आणि मी आत आले. वाटलं, सुटलो दोघीही.

थोड्या वेळानं लॅबमधला फोन वाजला. गेटवरचा वॉचमन होता. "मॅडम, तुमच्या आत्या गेल्याच नाहीत. टपरीवर बसल्यात. आज मुलाखतीला आलेली एक पोरगी रडत बाहेर आली, तिला जवळ घेऊन बसल्यात. म्हणतायत, हिला कळवतो म्हणलेत, का नाय घेतलं ते साहेबांना विचारून या."

"त्यांना म्हणावं, घरी जा," मी म्हणाले. "ऊन किती आहे!"

फोनवर थोडा वेळ कुजबुज झाली. "नाही म्हणतायत. कारण सांगा, मग उठते म्हणतायत."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझी नोकरी काय हिला खेळ वाटते? खिडकीतून टपरी दिसत होती. बाकावर ती पोरगी आणि तिच्या शेजारी आत्या. मांडीवर नवी साडी, तिचाच कोपरा त्या पोरीच्या डोक्यावर धरलेला, ऊन लागू नये म्हणून. ती उठणार नव्हती. तिला मी ओळखते, संध्याकाळ झाली तरी उठली नसती. मी टोपी सारखी केली, थोरल्या साहेबांच्या केबिनपर्यंत गेले आणि दार वाजवलं.