वीतभर रूळ

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर खूळ लागलं ते आगगाडीचं. खेळण्यातलीच, पण त्यांच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "मॉडेल म्हण," असं ठणकावायचे. भवानी पेठेत एका चादरींच्या गोदामावरच्या खोलीत त्यांचा क्लब जमायचा. पूर्वी आपल्याकडे जी छोटी नॅरोगेज गाडी धावायची, तिचा मार्ग पुन्हा उभा करायचा, एवढाच त्यांचा ध्यास. पद्धत अशी, की प्रत्येकाने घरी लांबट फळीवर आपापल्या गावाचा तुकडा करायचा आणि रविवारी सगळे तुकडे जोडून गाडी सोडायची. आणि दुसऱ्याच्या तुकड्याला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

ह्यांनी आपल्या आजोळचं स्टेशन करायला घेतलं आणि माझ्या स्वयंपाकघराचं वाटोळं झालं. माती चाळायला माझी पिठाची चाळणी. चहाचा चोथा गच्चीवर वाळत, ती म्हणे काळी जमीन. नव्या केरसुणीचे हीर कापून ज्वारीचं रान उभं केलं. मी तोंड सोडलं की म्हणायचे, "अगं, पीक बघ की कसलं आलंय!" आता ओटा लख्ख असतो. त्या लख्ख ओट्याचा मला राग येतो.

ते गेले तेव्हा तुकडा होत आला होता. फक्त उजव्या कडेला वीतभर रूळ टाकायचा राहिला होता. मी तो दिवाणावर तसाच ठेवला. रोज मऊ फडक्यानं धूळ झटकायची आणि दार लावून घ्यायची.

मग एक दिवस क्लबमधले त्यांचे एक जुने मित्र घरी आले. चहा पिऊन झाला तरी मूळ विषयावर येईनात. शेवटी म्हणाले, "वहिनी, शाळेत प्रदर्शन हाय. त्यांचा तुकडा न्यावा म्हणतोय. तुमी हो म्हणलात तर तेवढा रूळ आमी टाकतो."

"तुकडा न्या. रूळ टाकू नका."

त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? ह्यांनी कधी काम अर्धं टाकलं नाही. ते अपुरं आहे तोवर पुरं करायला येतील, असं मला वाटायचं. वेडेपणा आहे, कळतं मला.

मी प्रदर्शनात गेले, तर गाडी ह्यांच्या स्टेशनात यायची आणि तिथूनच उलटी परत जायची. पलीकडे त्या मित्रांनी केलेलं सांगोला होतं, मोहरीएवढी लाल डाळिंबं लगडलेलं. तिथवर गाडी पोचतच नव्हती. ते बिचारे आपल्या बागेपाशी गुमान उभे. सकाळपासून त्यांच्या गावाला गाडी नाही, ती माझ्या हट्टापायी.

"टाका तो रूळ," मी म्हणाले.

"वहिनी, खरंच?"

"टाका म्हणते ना. परत विचारू नका."

रूळ बसला. कुर्डुवाडीकडून इंजिन आलं, मागे डबे. ते फलाटासमोरून न थांबता तसंच पुढे निघालं, आणि मी इतक्या मोठ्यानं ओरडले की सगळा हॉल वळून बघायला लागला.

"अहो, थांबवा की! आमचं स्टेशन हाय हे!"

मित्रांनी झटकन बटण फिरवलं. गाडी थांबली. मी वाकून एकेक डबा पाहिला. कुणी उतरलं नाही.