धावड्याची सीताफळं आणि माझं अर्धं उत्तर

रविवार, ९ नोव्हेंबर

गुढीपाडव्यानंतर इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. ज्यांनी विचारलं त्यांना मी ऑफिसच्या कामाचं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. लिहायला बसलं की हे कुणाला आवडेल आणि कुणाला लागेल, हेच आधी मनात यायला लागलं होतं. वाचक थोडे होते तेव्हा असं होत नसे.

त्या थोड्या वाचकांपैकी एक 'बांधावरची'. जुन्या वाचकांना ती माहीत आहेच. प्रत्येक पोस्टखाली पहिली प्रतिक्रिया तिची, याच टोपणनावानं. मी शेंगदाण्याच्या चटणीवर पानभर लिहिलं, तर तिनं खाली लिहिलं होतं, 'शेंगदाणे भाजायला घेतले की आमचं झोपलेलं मांजर उठून बसतं, खात मात्र काही नाही.' माझं पानभर लोक विसरले, मांजर लक्षात राहिलं. दर शरदात तिचा निरोप यायचा: 'सीताफळं आली, ताई नाही आली.' मी दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे.

यंदा दिवाळीनंतर तिनं फोनच केला. भोकरदनच्या पुढे धावडा गाव आहे, त्याच्याजवळच्या शेतकरी घरातली ही सून. म्हणाली, "ताई, मला बी लिहायचंय. तुमच्यासारखं, माझ्या नावानं. मालक हो म्हणतेत, पण आबा न्हाई म्हणले की ते बी न्हाई. आबा तुमचं सगळं ऐकतेत. जेवणं झाली की मीच वाचून दाखवते त्यांना. तुम्ही एकदा समोर बसून सांगा, लिहिल्यानं घर मोडत न्हाई म्हणून."

आबा म्हणजे तिचे सासरे. मी म्हटलं, "सांगते की! त्यात काय?"

तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. तिला ते स्वतः लिहायचं आहे.

शनिवारी, १ तारखेला सकाळी जालन्याहून भोकरदनची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. राजूरला बस थोडी थांबते. गणपतीचं दर्शन होण्याइतका वेळ नसतो, पण स्टँडवरची मिरची भजी आणि चहा होतो. भजी गरमच घ्या, थंड झाली की तेल ओठांवर बसतं. पुढचा रस्ता काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी चाललेल्या कामाचा. दोन्ही बाजूंना मका डांबरावर वाळत घातलेला, त्यामुळे अर्धा रस्ता पिवळा. ड्रायव्हर त्याला शिव्या देत होता आणि त्यावर चाक जाऊ नये म्हणून जपतही होता.

भोकरदन जवळ आलं तसं मी कंडक्टरला विचारलं, "पुढे धावड्याची गाडी लवकर मिळेल का?"

"मिळाली तर जल्दी, न्हाई तर बिलकुल न्हाई. जीपनं जा की मावशी."

मावशी! चाळिशी ओलांडून काही वर्षं झाली आहेत, पण हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.

जीपनं पिंपळगाव रेणुकाईपर्यंत गेले. रेणुकामातेचं देऊळ त्या वेळी शांत होतं. दर्शन घेऊन बाहेर आले तर हवेत मिरचीचा ठसका. हंगाम सरत आला तरी बाजाराच्या बाजूनं नाक चुरचुरत होतं. बांधावरचीचा नवरा गणेश मिरची घालायला तिथे आलेला होता. त्याच्याच रिकाम्या पिकअपमधून पुढे निघालो. गाडी चालवताना म्हणाला, "रात्री वाचताना ती तुमचा आवाज काढती, ताई. आज खरा आवाज ऐकला, पण तिचाच बराबर वाटतो." मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली.

धावड्याकडे जाताना डोंगर जवळ येतात आणि शेताच्या बांधांवर सीताफळं दिसू लागतात. लावलेली बाग नाही, आपली आपण वाढलेली वेडीवाकडी झाडं. विकत घ्यायची असतील तर फळाचे डोळे पाहा. डोळ्यांमधल्या खाचा रुंद होऊन पांढरट-पिवळ्या दिसल्या, तर घरी नेऊन ते पिकतं. डोळे मिटलेले असले तर नुसतंच काळं पडतं. रस्त्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका वरचा थर उघड्या डोळ्यांचा लावतात, तेव्हा खालचंही एखादं बघायला मागा.

बांधावरची शेतातच होती. मी कल्पना केली होती त्याहून उंच, आवाजानं मोठी. मला पाहिल्यावर तिनं हात पदराला पुसले आणि मिठी मारायची की पाया पडायचं हे न ठरल्यानं नुसतीच हसत उभी राहिली. शेजारच्या शेतातल्या चार-पाच जणी आल्या होत्या. 'ब्लॉगवाल्या ताई' बघायला. त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले, मग माझ्याशिवायही काढले, आणि ते जास्त चांगले आले.

जेवायला नव्या बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, विस्तवात भाजलेल्या शेंगा. ठेचा तोंडात गेल्यावर मी तांब्याभर पाणी प्याले, आणि त्यावर सगळ्याजणी मनापासून खूश झाल्या.

आबा लिंबाखाली बसले होते. टोपी, पांढरा सदरा, बारीक हसू. पहिलाच प्रश्न: "तुमच्या सासूबाईंचा चष्मा परत हरवला का मंग?"

त्या हरवलेल्या चष्म्यावर मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. आबांना तो कुठल्या डब्यात सापडला तेही पाठ होतं.

बांधावरची विस्तवापाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "बघा ताई! दुसऱ्याच्या घरातलं आबांना लई गोड लागतंय. आपल्या घरातलं तेवढं कडू."

"आपल्या घरातलं मला म्हाईतच हाय. त्याला वाचायचं काय?" आबा म्हणाले, आणि सगळे हसले. तीही हसली.

दाणे काढून झालेल्या मक्याच्या कणसांचा विस्तव केला होता. त्यात ती गच्च, न पिकलेली सीताफळं भाजत होती. इकडची जुनी रीत. त्यांची चव कशी लागते ते मी इथे सांगणार नाही. तिचं पहिलं लिखाण त्यावरच असणार आहे, हे तिनं मला फोनवर सांगितलं होतं. मी दोन खाल्ली, एवढंच लिहिते.

तेव्हाच आबांनी विचारलं, "ताई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. खरं सांगा. लिहिण्यापायी तुमच्या घरात कधी तंटा झाला का न्हाई?"

विस्तवातलं फळ फिरवणारा तिचा हात थांबला. हे मी पाहिलं. म्हणून मला काही कळलंच नव्हतं असं म्हणता येत नाही.

प्रश्न सरळ होता. मी सरळ उत्तर दिलं. "झाला, आबा. नणंदेच्या लग्नातली एक फजिती मी गमतीनं लिहिली. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. अजूनही मोजून बोलते."

आबांनी मान हलवली. "बघा. किती खरं बोलल्या. शहरातली माणसं इतकं खरं बोलत न्हाईत."

"लई सरळ हायेत ओ ताई," एकजण म्हणाली.

मला बरं वाटलं. लपवत नाही: त्या क्षणी मला फार बरं वाटलं. उत्तराचा दुसरा भाग जिभेवर होता. घर मोडलं नाही. नणंद दुखावली ती लिहिण्यामुळे नव्हे, मी तिला न विचारता लिहिलं म्हणून. एकदा विचारलं असतं तर निभावलं असतं. आणि ऑफिस आणि स्वयंपाकघर यांच्या मधे मी कुठे आहे, हे मला लिहिण्यातूनच कळलं. हे सगळं सांगायचं होतं. पण पळसाच्या पानांवर फळं आली, कुणीतरी आणखी एक फोटो मागितला, आबा मक्याच्या भावावर गेले. मी म्हटलं, रात्री जेवताना बोलू. जेवताना म्हटलं, सकाळी बोलू. सकाळी आबा चहाला समोरच होते आणि मी त्यांना राजूर रस्त्याच्या कामाबद्दल विचारलं. पाहुणीनं घरधन्याशी वाद घालू नये, असं मी स्वतःला सांगितलं. माझी पंचाईत अशी की माझ्याकडे असं चांगलं कारण नेहमी तयार असतं.

निघण्याआधी ती टोपली भरत होती. डोळे नुकते उघडू लागलेली फळं खाली, पुरते उघडलेली वर, मधे जुन्या लुगड्याचे तुकडे.

मी म्हटलं, "माझं बोलणं अर्धं राहिलं गं."

"राहू द्या, ताई. तुम्ही खोटं थोडंच बोलल्या?" तिनं वर न बघता टोपली बांधली. "ही चार दिवसांनी खा. घाई करू नका."

गणेशला टेंभुर्णीला काम होतं, म्हणून परतताना जाफराबादवरून त्याच्याच गाडीत आले. रस्ता लांबचा, पण एसटीची वाट बघावी लागत नाही. कापूस वेचणाऱ्या बायका, ऊन मऊ, हवेत धूळ. प्रवास म्हणून सुंदरच.

टेंभुर्णी जवळ आल्यावर तो म्हणाला, "बरं झालं ताई, तुम्ही आल्त्या. दसऱ्यापासून घरात वाद चालू होता. तिचं एकच, लिहिणार म्हणून. काल आबा म्हणले, खुद्द ताईंच्या घरात तंटा झाला, मंग आपलं काय! आता मिटलं. तीबी काय बोलली न्हाई."

"पण मला तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हटलं.

"तुम्ही बराबरच बोलल्या," तो मोकळेपणानं म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. मी स्टँडवर उतरले, चहा घेतला. धावड्याकडे परत फिरता आलं असतं. मी जालन्याच्या बसमध्ये बसले.

या आठवड्यात सीताफळं एकेक करून पिकली. सासूबाईंनी दोन खाल्ली, ऑफिसात चार नेली. सगळ्यांनी विचारलं, कुठली एवढी गोड? मी गावाचं नाव सांगत राहिले.

काल तिचा निरोप आला. 'आबा रोज विचारून राह्यले, आमच्याकडचं कधी येतंय. टाका जल्दी. मी वाचायला बसलेय.'

ते वाचल्यावर आज हे लिहायला बसले. आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की माझ्या उत्तराचा राहिलेला भाग मी इथे लिहून मोकळी झाले आहे. आबांपर्यंत तो पोचेलच. पण पोचवणार ती. जेवणं झाल्यावर, माझा आवाज काढून, सासऱ्यासमोर बसून, स्वतःचीच बाजू तिला वाचून दाखवावी लागेल. वाचता वाचता मधेच एखादी ओळ ती गाळेल, हे मला आत्ताच दिसतं. मी समोर बसून बोलायचं कबूल केलं होतं. ते काम इथून तिच्याच गळ्यात घालणं मला सोयीचं आहे, म्हणूनच ते बरोबर नाही.

जायचं असेल त्यांनी नोव्हेंबर उलटायच्या आत जा. बांधावर भरपूर फळ आहे. शेतात बोलावलं तर नाही म्हणू नका, आणि कुणी काही विचारलं तर पूर्ण बोलून मगच पानाला हात लावा.

हे पोस्ट आज टाकत नाही, ठेवून देते.

उद्या: सकाळी आबांना फोन करणे.