धोतराची बातमी

दादा गेल्यावर त्याची ट्रंक उघडली. तळाच्या जुन्या वर्तमानपत्राला अजून शाईचा वास होता, आणि मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली भिंगारची आमची ओसरी आठवली.

दादा शाळामास्तर होता आणि मुंबईच्या एका मोठ्या दैनिकाचा बातमीदारही. दैनिकाचा मालक कापडगिरणीवाला. सूत मिळेना म्हणून भिंगारचे माग बंद पडले, विणकरांच्या चुली विझल्या. दादाने तसे कळवले. छापून आले ते एवढेच : ‘भिंगारचे विणकर सध्या निवांत.’

शेजारचे विणकर रहमानचाचा ते ऐकून म्हणाले, “निवांत तर हायेच, मास्तर. जेवायचीबी घाई न्हाई.”

दादा त्याच पानावरची गिरणीच्या धोतरांची जाहिरात बराच वेळ पाहत बसला. मग त्याने लिहून पाठवले : ‘भिंगारचे माग बंद आहेत. तेथील विणकर गिरणीची धोतरे घेत नाहीत.’

ही बातमी पहिल्या पानावर आली. धोतरांचा खप घटेल या धास्तीने मालकाने आठवड्यात सूतही पाठवले.

“पन मास्तर, आमी लुंगीवाले. धोतर कवा घेतलं हुतं?” रहमानचाचांनी विचारले.

“घेत नाहीत, एवढंच लिहिलंय मी,” दादा शांतपणे म्हणाला.

तेव्हा मला हसू आवरले नाही. खोटे लिहायचे नाही म्हणून त्याने ती दोन वाक्ये किती वेळा खोडली असतील, हे आज मनात येते.