शेजारी कोण?

माझं काम काय, हे गावात सांगताना मी दरवेळी वैतागते. लढाई थांबलेल्या एका परक्या मुलुखात घरं पुन्हा उभी करायची. एक देश पत्रे देतो, दुसरा दारं, तिसरा चुली. पत्रे आधी येऊन पडतात आणि भिंतींचा पत्ता नसतो. त्या सगळ्याचा मेळ मी घालते. लग्नघरात एखादी मावशी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना पळवत असते ना, तीच मी.

यंदा सुट्टीवर मुरुमजवळच्या आमच्या गावी आले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडं नवीकोरी वसाहत तयार होती आणि माणसं तिच्यात जाईनात. पडक्या भिंतींना ताडपत्री बांधून तिथंच राहत होती. थंडी तोंडावर आलेली. मदत देणारे देश म्हणत होते, महिनाभरात घरं भरली नाहीत तर पुढच्या गावांचं बांधकाम बंद. पाणी होतं, दिवे होते, वाटपही आम्ही चिठ्ठ्या टाकून केलेलं, कुणावर अन्याय नको म्हणून! मग अडतंय कुठं?

दुपारी आई ज्वारी पाखडत होती. तिच्यासमोरच मी तिकडच्या लोकांशी फोनवर तावातावानं बोलले आणि फोन आपटला. "आयतं घर मिळतंय, तर राहायला काय धाड भरलीय यांना?"

आईनं सूप खाली ठेवलं. "शेजारी कोण, ते सांगितलंय का त्यांना?"

"त्याचा काय संबंध?"

"लई शिकलीस, बाई. भूकंपानंतर आमाला बी जमीन बघून घरं दिली. आपली जमीन थोडी, म्हणून बारकं घर या टोकाला. शेजारीण पार त्या टोकाला. सहा महिने मी पत्र्याच्या शेडमधनं हलले न्हाय."

ती शेजारीण मला आठवते. घरात कन्नड बोलायची, आईशी मराठी. जुन्या गावात दोघींची भिंत एकच. विरजण, विस्तव, भांडणं, सगळं त्या भिंतीवरून चालायचं. नव्या गावात आई रोज उन्हातान्हात वाटीभर विरजणासाठी त्या टोकाला जायची. घरात दही असलं तरी! मला वाटायचं, हिला फिरायची हौस.

त्याच संध्याकाळी मी कळवलं: चिठ्ठ्या रद्द, घरोघर एकच प्रश्न विचारा, शेजारी कोण हवा? एका म्हातारीनं एका बाईचं नाव सांगितलं. त्या बाईनं सांगितलं, "ती सोडून कुणीही!" दोघींना मध्ये एक घर सोडून घरं दिली.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी निरोप आला, घरं भरली. मी धावत आईकडं गेले. खूप आनंद झाला होता. विचारलं, "आई, तुला विचारलं असतं, तर तिचंच नाव सांगितलं असतंस ना? चल, आज भेटून येऊ तिला."

आई म्हणाली, "ती जाऊन दोन वर्षं झाली की गं. फोनवर सांगितलं होतं तुला. तू 'हं, हं' म्हणालीस."