पाणी फिरायची वेळ

वद्य चतुर्थी, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. महाडच्या आमच्या स्वयंपाकघरात मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगी पल्लवी असे तिघे हजर. फोन तुडीलहून आला, सुनंदाच्या भाच्याचा, महेशचा. "आते, बाबा गेले गो... आत्ताच, नऊला." सुनंदा खाली बसली. मला त्या वेळी काय सुचावं? मी मनात भरती-ओहोटीचा हिशेब केला आणि तो तोंडातून बाहेरही पडला : चतुर्थी, चार पाऊण तीन, अधिक सहा, नऊ. "ओहोटी संपतानाच गेला," मी म्हणालो. पल्लवी रडत होती. रडता रडताच म्हणाली, "नाही बाबा. तुडीलला साडेदहा." मेहुणा गेल्याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी आधी टोचलं ते हे साडेदहा. हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

दत्ताराम सुनंदाचा थोरला भाऊ. सावित्रीच्या काठी त्याची खारजमीन. भरतीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधात लाकडी फळ्यांचं दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या काढायच्या, शेतातलं पाणी सोडायचं. पाणी फिरलं, भरती चढू लागली, की पुन्हा बसवायच्या. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. पाणी फिरायची वाट बघत बांधावरच्या एका काळ्या दगडावर तो बसून असायचा. मी बसस्थानकात वाहतूक नियंत्रक. गाडी सहा मिनिटं उशिरा सुटली तरी मी कारण लिहून घेतो. मला तो माणूस आळशी वाटायचा, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

पल्लवी आठ वर्षांची असल्यापासून मे महिन्यात तुडीलला राहायची. परत यायची ती घोट्यापर्यंत चिखल वाळलेला आणि तोंड मिटलेलं. "काय बघितलंस?" विचारलं की म्हणायची, "काही नाही. पाणी थांबलं." एकदा एवढंच म्हणाली, "बाबा, चिखल बोलतो." मी ठरवलं, हिला काहीतरी बघण्यासारखं दाखवू. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला नेलं, एका दिवसात सात पॉइंट केले. येताना ती माझ्या खांद्यावर झोपली आणि घरी उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "मामाकडे कधी जायचं?" सात पॉइंट एकीकडे आणि एक दगड एकीकडे... दत्तारामचा मला हेवा वाटायला लागला तो तेव्हापासून, आणि तो कमी कधी झाला नाही.

भरतीचं गणित त्यानंच मला सांगितलं होतं, गणपतीत जेवताना. "तिथीला पाऊणनं गुणायचं, भावोजी. भरतीची वेल येते. त्यात सहा मिळवा, ओहोटी सरली." मी लगेच म्हणालो, "पाऊण कसं? पाणी रोज पन्नास मिनिटं पुढे जातं. पाच मिनिटांची चूक आहे." तो हसला. "पाच मिनटांनी बांध फुटत नाय, भावोजी. पन आपल्याकडं बगा..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. कागद मागवला आणि महिन्याचा तक्ता करून दाखवला. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंही केलं, आणि तो भात कालवायला लागला.

त्या तक्त्याच्या जोरावर एकदा मी कोणाला न सांगता तुडीलला गेलो. द्वादशी होती, म्हणजे ओहोटी तीनला सरणार. पावणेतीनला बांधावर उभा राहिलो. तीन वाजले. सव्वातीन, साडेतीन. पाणी आपलं बाणकोटच्या, समुद्राच्या दिशेनं वाहतच होतं. चिखलात एक बगळा उभा होता, तोही कंटाळलेला दिसत होता. चार वीसची गाडी होती. चार दहाला निघालो. वाटेत मनात म्हटलं, मामा-भाचीनं पोरखेळ मांडलाय, दुसरं काही नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला, तुडीललाच पल्लवी म्हणाली, "चला, बांधावर." माझ्या हिशेबानं साडेसात. ती म्हणाली, नऊ. "समुद्रावरून पाणी चालत येतं, बाबा. इथे यायला त्याला दीड तास लागतो." दत्तारामचं जेवतानाचं तुटलेलं वाक्य मला आत्ता पूर्ण ऐकू आलं. बांधावर ती दगडाच्या एका कडेला बसली. दुसऱ्या कडेला जागा होती. मी बसायला गेलो तर तिनं जागा अडवायला हात ठेवला नाही, पण मी खाली मातीतच बसलो.

नवाला चार मिनिटं कमी असताना एक वाळकं आंब्याचं पान वाहता वाहता थांबलं. मधोमध, जागच्या जागी. मग हळूच वळलं आणि जिकडून आलं तिकडे, महाडच्या बाजूला, परत निघालं. एवढी मोठी नदी फिरली आणि आवाज नाही. आवाज आला तो नंतर, काठावरून. चिखलातल्या हजारो भोकांत पाणी शिरत होतं, बारीक चट्... चट्... चट्. निवटे, ते बोटभर मासे, पाण्याच्या पुढे पुढे उड्या मारत वर चढत होते. हे सांगावं म्हणून मी मान वळवली. पल्लवी दगडाच्या रिकाम्या बाजूकडे बघत होती.

आमच्याबरोबर आलेला महेश फळ्या आणायला बांधाजवळच्या खोपटीत गेला, मागोमाग मी आणि पल्लवीही. दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं आकडे लिहिलेले होते, वरपासून खालपर्यंत : तिथी, पाणी फिरल्याची वेळ. दत्तारामचं वेडंवाकडं अक्षर आणि मध्ये मध्ये माझ्या मुलीचं. इतके आकडे, आणि मला पत्ता नाही. उजव्या कोपऱ्यात ही ओळ होती : "द्वादशी. भावोजी आले. ४-१० गेले. पाणी ४-३०."

"त्यानं मला बघितलं होतं?" मी विचारलं.

"इथूनच," पल्लवी म्हणाली.

"मग हाक का नाही मारली?"

"मामा म्हणाला, भावोजी पानी बगतायत, कशाला मधी बोला?"

मी पाणी बघत नव्हतो, घड्याळ बघत होतो. तेवढं त्याला दुरून दिसलं नाही, किंवा दिसलं आणि त्यानं तसं मानलं नाही. अशा माणसाचा हेवा करून तरी काय मिळवायचं... पण तो हेवा गेलेला नाही. हे लिहिताना महिना झाला, अजून आहे.

खाली कोळसा पडला होता. तो उचलून शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं : "द्वितीया. ८-५६. हजर : पल्लवी, भावोजी." मग पल्लवीनं माझ्या हातातून कोळसा घेतला आणि आमच्या दोघांच्या आधी लिहिलं, "मामा."