ऊद मेथातला इंग्लिश किल्ला

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी महाड सोडलं. अंगणात पुतण्यांनी केलेला किल्ला अजून ओलसर होता. रिक्षा मागे घेताना चाक लागलं आणि त्याचा एक बुरूज ढासळला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तो लिंपायला खाली बसले. त्यामुळे निरोप घेताना त्यांचे हात चिखलाचे होते. "तिकडे नुसती वाळू," ते म्हणाले. "वाळूचं काही उभं राहत नाही."

दुबईत मी एका वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात लागलो. काम पानं लावण्याचं. अल मनखूलमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला आणि तिथेच ईरा वाढली. माझी मुलगी. आता चौदा वर्षांची आहे. सुट्टीत तीन आठवडे महाडला जाते, तिथे तिला दुबईची म्हणतात. इथे तिला इंडियन म्हणतात. तिचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, नोकरी संपली की तोही संपेल. ही तक्रार नाही. इथल्या प्रत्येक घराला ही वस्तुस्थिती पाठ आहे.

ती लहान असताना मी एका पानावर उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉल मैदानाचा नकाशा लावला होता. ते मैदान पाडलं जाणार होतं, त्याची बातमी. पान घरी आलं, बायकोने, अश्विनीने, ते फ्रिजला चिकटवलं आणि काढायचं राहून गेलं. ईरा अक्षरं जुळवायला शिकली ती त्या नकाशावर बोट ठेवून. पुढे तिने त्या मैदानाविषयी मिळेल ते वाचून काढलं.

इथलं आमचं मराठी मंडळ दर दिवाळीत दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये किल्ल्यांची स्पर्धा घेतं. महाडच्या मंडळींना हसू येईल, पण इथे किल्ला प्लायवुडच्या फळीवर होतो आणि लिफ्टमधून न्यावा लागतो. लाल माती नर्सरीतून पोत्याने येते. गेल्या वर्षी ईराने नाव दिलं. आम्हाला वाटलं, रायगड करेल. तिने ते मैदान करायला घेतलं.

अण्णांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "हा कुठला गड?"

"इंग्लंडचा, आजोबा."

अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "गोणपाट आधी चिखलात बुडव, मग लाव. नाहीतर भेगा पडतील." गोणपाट नव्हतं. बासमतीच्या तागाच्या पिशव्या कापल्या.

शनिवारी सकाळी फळी हॉलमध्ये टेबलावर ठेवली. शेजारी सिंधुदुर्ग होता, पलीकडे दोन प्रतापगड. स्पर्धेचं काम बघणारे सावंतकाका आले आणि थांबले.

"हे काय आहे?"

"किल्ला," ईरा म्हणाली.

"बेटा, हे स्टेडियम आहे."

"स्टेडियम नाही काका, ग्राउंड. स्टेडियम इज व्हॉट दे बिल्ड नाऊ."

"आणि महाराज कुठे बसवणार?"

"तिथे कोणी बसायचंच नाही. एव्हरीबडी स्टुड."

मागे कोणीतरी हसलं. काकांना ते आवडलं नाही. "खलास. क्राफ्टच्या टेबलावर न्या हे. हा किल्ला आपला नाही."

"काका, तुम्ही रायगडावर किती वेळा गेलात?"

अश्विनीने तिचा दंड धरला. काका तीस वर्षं या देशात आहेत, माणूस सरळ आहे. "एकदा," ते म्हणाले. "शाळेच्या सहलीत."

"मी या ग्राउंडवर एकदाही नाही. सो यू लीड, वन-निल. पण मी हे हलवणार नाही."

काकांनी अट घातली. परीक्षकांना किल्ल्याचा इतिहास मराठीत सांगायचा, हा नियम सगळ्या मुलांना होता. ईराने तो सांगावा. एक जरी इंग्रजी वाक्य आलं, तर यल्ला, चला क्राफ्टच्या टेबलावर. ईरा घरी आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, प्लीज. तुम्ही नको."

ती जे बोलली ते असं. आधी तिथे गाई चरायच्या. शेजारच्या कापडगिरणीतले कामगार खेळायला लागले. गिरणीच्या भट्टीतली राख टाकून टाकून तीन बाजूंना बांध उभे राहिले. "ही तटबंदी. दगडाची नाही, राखेची." बांधांवर पायऱ्या, पायऱ्यांवर माणसं. चौथ्या बाजूला रेल्वेचा भराव, गाडी जाताना इंजिनवाला सामना बघायला वेग कमी करायचा. उत्तरेच्या कोपऱ्यात तटबंदी तुटलेली, कारण तिथल्या घरवाल्यांनी जागा विकली नाही. ते वरच्या खिडकीतून फुकट बघायचे. आत येण्याच्या फिरत्या दांड्याला शब्द सापडेना, तेव्हा तिने हात फिरवून दाखवला. "एका वेळी एकच माणूस. दिंडी दरवाजा."

"पाडला कोणी?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"शत्रूने नाही. मालकानेच. आता तिथे घरं आहेत. पण क्लबची माणसं अजून आमचं ग्राउंड म्हणतात. जागा नाही, तरी आमचं."

"क्लब म्हणालीस," सावंतकाका म्हणाले.

"काका, क्लब, ग्राउंड, फुटबॉल. यांना मराठीत तुम्ही काय म्हणता?"

बाईंनी विचारलं, "पण यात तुझं काय, बाळा?"

ईरा एकेक वाक्य जुळवत बोलली. "मी दुबईत जन्मले. सगळे म्हणतात, हे तुझं नाही. महाडला जाते, तिथे पण पाहुणी. मग मी कोणाला विचारणार नाही. मीच निवडणार. मी हे निवडलं."

किल्ला टेबलावर राहिला. पहिलं बक्षीस प्रतापगडाला मिळालं, ईराला कुठलंच नाही. रविवारी संध्याकाळी आम्ही फळी घरी आणली.

महाडहून अजून विचारणा होते, परत कधी येणार? माझ्यासारखे जे इथे आले, त्यांनाही हाच प्रश्न येतो. माझं घर महाडला आहे, हे मी आजही सांगतो. ईराचं उत्तर वेगळं आहे, आणि ते चूक असल्याचं मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

या वर्षीच्या नियमांत एक ओळ वाढली आहे: किल्ला महाराष्ट्रातलाच असावा. ईराने नाव दिलं आहे. काल नवी फळी आली, गेल्या वर्षीपेक्षा मोठी. तिच्यावर खडूने रेल्वेचा भराव आखून झाला आहे.