माझं बरोबर झालं का?

“माझं बरोबर झालं का?” कुणाशी दोन शब्द बोलून झाले, की आमचे गणिताचे सर मला खांबाआड नेऊन हळूच विचारत. आधी वाटायचं, गडी चेष्टा करतोय. पण त्यांना चेष्टा करताच येत नसे. दोन दिवस त्यांच्यासोबत काढले असते, तर हे तुमच्याही लक्षात आलं असतं.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. स्लॅबची धास्ती अजून लोकांच्या मनातून गेली नव्हती, म्हणून आमचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत. मी फिजिक्स शिकवायचो. गणित मात्र शिकवावं ते या सरांनीच. फळ्याकडे तोंड करून बोलत, तरी शेवटच्या बाकावरच्या पोराला समजे.

पंचाईत व्हायची ती पालकांपुढे. जळकोटहून ट्रंक घेऊन आलेल्या एका बापानं विचारलं, पोरगी डॉक्टर होईल ना? सर म्हणाले, “न्हाई. तिला गणित येतं, पाठांतर येत न्हाई.” बापानं ट्रंक उचलली, ती थेट समोरच्या क्लासात नेऊन ठेवली. क्लासच्या संचालकांनी सरांना बजावलं, बोलायला शिका, नाहीतर दुसरीकडे बघा.

मग मी त्यांची शिकवणी घेतली. मुलांची घ्यायचो तशीच. अपेक्षित प्रश्न, आदर्श उत्तरं, रोज सराव. पालक आले की ‘बसा, चहा घ्या’. मग ‘प्रवास नीट झाला ना?’ डोळ्यांत बघवत नसेल, तर दोन भुवयांच्या मधे बघा. कुणाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं. ‘जातो’ कधीच नाही, ते अशुभ.

“अन् परत यायचंच नसलं तर?”

“तरीबी येतोच म्हणायचं.”

त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं.

पुढे आमच्या शिपायाची आई वारली. आम्ही दोघं भेटायला गेलो. सर बराच वेळ नीट बसले. उठताना सगळ्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, “येतो.” दुखवट्याच्या घरातून न बोलता उठायचं असतं, हा प्रश्न माझ्या यादीतून सुटला होता. घरातली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर सरांनी विचारलंच, माझं बरोबर झालं का? मी चिडलो. एवढंही कळत नाही का, असं बोलून गेलो.

ते चालता चालता थांबले. त्यांची आई भूकंपात गेली, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. गल्लीतल्या कोणत्या घरात कोण कुठे झोपतं, हे त्यांना पाठ होतं. ते सांगत गेले तशी जवानांनी कोसळलेल्या माळवदांची माती उपसली. तीन माणसं जिवंत निघाली. त्यांत आई नव्हती.

“मी रडलो न्हाई, सर. लोक म्हणले, ह्याच्या काळजाचा दगड हाय. तवापासून माणसं बघून बघून शिकायलोय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी शिकवणी मी थांबवली नाही.

वर्षभरात सर इतके तयार झाले, की पालक त्यांचंच नाव काढू लागले. संचालकांनी खूश होऊन त्यांचे गणिताचे तास कमी केले आणि पालकांशी बोलायला बाहेरच्या टेबलावर बसवलं. मी म्हटलं, पेढे द्या. रोज काम संपलं की सर प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांच्या खोलीत दिवा न लावता, कानांवर हात धरून बसत. दिवसभर दुसऱ्याचा सदरा घातल्यागत होतं, असं एकदा म्हणाले. सगळेच घालतात हो, मी हसण्यावारी नेलं.

परवा नांदेडला भाचीच्या मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी आम्हाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, समजावून सांगितली. अशी काही माणसं जन्मभर इतरांची नक्कल करून दमून जातात, म्हणाले. सरांना कधी कुणी तपासलं नव्हतं, तेव्हा त्यांच्यावर शिक्का मारणारा मी कोण? पण घरी येईपर्यंत ती गठ्ठ्यांची खोली डोळ्यांपुढून हलेना. तिथं त्यांना मीच नेऊन बसवलं होतं.

तर तेव्हा, शेवटी सरांनीच राजीनामा दिला. मुदखेडला चुलतभावाचा छापखाना होता, तिथं गणिताच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची होती. निरोपाला शाल मिळाली. सर जिथं हसायचं तिथं हसले, सगळ्यांना घरी यायचं आमंत्रण दिलं. संचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नांदेडच्या गाडीपर्यंत सोडायला मी स्टँडवर गेलो. खिडकीशी बसल्यावर त्यांचं हसू मावळलं. चेहरा कोरा झाला, पण इतका निवांत मी तो कधी पाहिला नव्हता. आता विचारतील, माझं बरोबर झालं का, म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं नाही. कंडक्टरनं घंटी दिली. माझ्याकडे न बघता, मांडीवरच्या पिशवीकडे बघत ते म्हणाले, “जातो, सर.”

चूक दुरुस्त करायची माझी जुनी खोड. तोंडाशी आलेला शब्द मी गिळला.

“जावा, सर,” मी म्हणालो.